पाचवं कडं

बाई चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांचं कधी काही चुकलं होतं असं तोंडावर सांगणारा माणूस अजून भेटायचा होता. घरातही त्यांना सगळे बाईच म्हणत. मुलगा त्यांच्याच वर्गात शिकला, त्याची सवय सुटली नाही. सून आली, तिनं नवऱ्याचं ऐकून तेच उचललं. बाईंचे यजमान आयुष्यभर एका ग्रंथालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून आले होते. ते मुळात कोणाला हाकच मारत नसत. दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ असो की शेजाऱ्यांच्या भिंतीवरचा तिरका फोटो, बाईंची नजर आधी चुकीवर जायची, आणि तोंड उघडायला मग फार वेळ लागायचा नाही.

अशा बाईंना एका रविवारी मुलाच्या घरी त्यांच्या विहीणबाईंनी अलगद खिंडीत गाठलं.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. गोड बोलायच्या, आणि बोलता बोलता हातातल्या सुया चालवायच्या. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून निळी लोकर काढली आणि जाहीर केलं, की नातीच्या सातव्या वाढदिवसाला आपण स्वतः विणलेला स्वेटर देणार. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, की बाजारातून काय, कोणीही काहीही आणतं. हातानं केलेल्या वस्तूची सर त्याला नाही. भिंतीला उद्देशून म्हटलेलं हे वाक्य बाईंना बरोबर लागलं. गेल्या तीन वाढदिवसांना त्यांनी नातीला तीन कंपासपेट्या दिल्या होत्या.

“मीही हातानंच करतेय,” बाई म्हणाल्या.

काय करताय, असं विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं. बाईंना ते अजून माहीत नव्हतं. शेजारी नात मांडीवर चित्रांचं पुस्तक उघडून बसली होती. पानावर झाडाला टांगलेलं एक गोल, टोकदार छपराचं लाकडी घर होतं आणि त्यातून एक चिमणी डोकावत होती.

“पक्ष्यांचं घर,” बाईंनी सांगितलं. “लाकडाचं. गोल.”

मुलाला चहाचा ठसका लागला. यजमानांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. वाढदिवसाला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी बाई चौकशी करत करत फरशांच्या दुकानामागच्या अरुंद बोळात पोचल्या. तिथे एका पत्र्याच्या छपराखाली कातारीमामांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच; एक लेथ, एक गोल करवत, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या पटाश्या आणि घोट्यापर्यंत लाकडाचा भुसा. टेबलांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, हत्यारांच्या मुठी, गावातलं जे जे लाकडी आणि गोल, ते मामांच्या लेथवरून गेलेलं असायचं. मामा साठीच्या पुढचे, बुटके. भुवयांवर कायम पांढरी धूळ, त्यामुळे चेहरा सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. पण आश्चर्य त्यांना कशाचंच वाटत नसे.

गावातला निम्मा माणूस बाईंच्या हाताखालून गेलेला. कोणाशीही बोलताना तो कितव्या तुकडीत होता हे आधी काढून घ्यायचं आणि मग त्याच पट्टीत बोलायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी मामांना शाळा विचारली. वयानं मामा त्यांचे विद्यार्थी असणं शक्य नव्हतं, हे विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

“नदीपलीकडच्या शाळेत होतो,” मामा म्हणाले. “सातवीपर्यंत. मग कंटाळा आला.”

बाईंच्या पायाखालची अर्धी जमीन तिथेच सरकली. या माणसावर चढवायला त्यांच्याकडे आवाजच नव्हता.

पक्ष्यांचं घर करायचं म्हटल्यावर मामांनी कसं करणार ते विचारलं. एक मोठा ओंडका घेऊन आतून पोखरायचा, असं बाईंनी ठणकावून सांगितलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली आणि फळीवरून एक वाडगा काढून त्यांच्या हातात दिला. एकाच ओंडक्याचं केलं तर जड होतं, सुकताना तडकतं, आणि शिकणाऱ्यानं तर ते करूच नये. त्यापेक्षा लाकडाचे छोटे छोटे तुकडे कोनात कापायचे, ते सरसानं चिकटवून कडं करायचं, अशी कडी एकावर एक रचायची, आणि मग तो सगळा डोलारा लेथवर फिरवून बाहेरून-आतून कातायचा. वाडग्यात फिकट आणि गडद लाकूड आलटून पालटून बसलं होतं. बाईंनी बोट फिरवलं. सांधा कुठे आहे ते डोळ्याला दिसत होतं, बोटाला कळत नव्हतं.

रोज दुपारी तीन ते पाच यायचं आणि जाताना भुसा स्वतः झाडायचा, एवढी अट मामांनी घातली. बाईंनी ती मान्य केली. त्या मनात म्हणत होत्या, की वर्तुळाचे भागच तर पाडायचेत. हे तर आपल्या घरचंच काम.

पहिल्या दिवशी मामांनी कागद पुढे करायच्या आत बाईंनी स्वतःची वही काढली. एका कड्यात बारा तुकडे. वर्तुळ तीनशे साठ अंशांचं, भागिले बारा, तीस. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मामांनी वहीत डोकावून पाहिलं, काहीतरी बोलावं का असा विचार केलेला दिसला, आणि ते आपल्या टेबलाच्या पायाकडे वळले. बाईंनी करवतीची पट्टी तीस अंशांवर लावली आणि तुकड्याची दोन्ही टोकं त्याच कोनात, अशा बीच नावाच्या फिकट लाकडाच्या पट्टीचे बारा तुकडे कापले. एकसारखे, देखणे. मग ते टेबलावर गोल मांडायला घेतले.

सहाव्या तुकड्यालाच वर्तुळ मिटलं.

टेबलावर एक नीटस षटकोन तयार झाला होता आणि बाईंच्या हातात सहा तुकडे उरले होते. त्यांनी तुकडे पुन्हा मोजले. षटकोन उलटा मांडून पाहिला. मग लाकूड दमट असेल अशी शंका काढली. मामा पलीकडून आले, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिले.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तुकड्याला दोन टोकं असतात.”

तीस अंश अख्ख्या तुकड्याचे. एका टोकाला पंधरा. चौथ्या मिनिटाला मागच्या बाकावरचं पोरगंही सांगेल असं ते होतं. बाईंचे कान तापले. मामांना हसू आलं असतं तर त्यांनी त्यांना झापलं तरी असतं. पण मामा हसले नाहीत. “हं. आता दुसरं करा,” एवढं म्हणून परत लेथकडे गेले.

त्या संध्याकाळी यजमानांनी आज काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं की लाकूड दमट निघालं.

पुढचे आठ-दहा दिवस बाईंचं आणि लाकडाचं उघड वैर होतं. पंधरा अंशांवर कापलं, तर शेवटच्या तुकड्यापाशी फट राहिली. पट्टीवर पंधराच दिसत होते. मामांनी सांगितलं, की कोन अर्ध्या अंशानं चुकला असेल. अर्ध्या अंशानं काय होतंय, असं बाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच गप्प झाल्या, कारण बारा तुकड्यांची चोवीस टोकं होतात आणि चोवीस अर्धे म्हणजे बारा अंश हा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप होऊन गेला होता. कागदावर त्यांनी आयुष्यभर काढलेल्या रेघेला जाडी नव्हती. करवतीच्या पात्याला होती.

हळूहळू हाताला कळू लागलं. तुकड्यांची लांबी सारखी यावी म्हणून करवतीपाशी ठोकळा लावून ठेवायचा. कापलेली टोकं पॉलिश पेपरवर दोनच हात मारून साफ करायची, तिसरा मारला की कोन गेला. कडं चिकटवण्याआधी कोरडंच मांडायचं, पाइपला लावतात तसल्या पत्र्याच्या पट्टीनं आवळायचं आणि खिडकीकडे धरायचं. सांध्यातून उजेड दिसला तर पुन्हा कापायला बसायचं. बाईंनी पहिली चार कडी उजेडापायी मोडीत काढली. घरी जेवणाच्या टेबलावर, खिडकीत, फ्रिजवर लाकडाच्या चकत्या दिसायला लागल्या. यजमानांना एक बुटात सापडली. त्यांनी ती ग्रंथपालाच्या काळजीनं पुसून, जिथली तिथे असावी म्हणून, बाईंच्या चपलेत ठेवली. एकदा बाईंची दोन बोटं सरसानं एकमेकांना चिकटली. यजमान प्रथमोपचाराचं पुस्तक शोधायला गेले. तोवर बाईंनी ती गरम पाण्यात सोडवलीही होती, पण यजमानांनी तो धडा मोठ्यानं वाचून पुरा केला.

लेथची मात्र बाईंना मनातून भीती वाटत होती. मामांनी सरावाला एक ठोकळा चढवून दिला, तोंडावर काचेची ढाल बांधली आणि दोन गोष्टी बजावल्या: पटाशी आधी टेकूवर टेकवायची आणि मग लाकडाला लावायची, आणि फिरणाऱ्या लाकडाच्या समोर उभं न राहता बाजूला राहायचं. बाईंनी दुसरी गोष्ट पाळली, हे त्यांचं नशीब. पटाशीचं टोक लाकडात रुतलं, धाडकन आवाज झाला आणि ठोकळा सुटून दारातून बाहेर गेला. बोळात फरशांच्या दुकानाचा मालक गिऱ्हाईकाला नमुना दाखवत उभा होता. ठोकळा त्याच्या पायाशी जाऊन स्वतःभोवती फिरत राहिला. मालकानं तो उचलून आणून दिला आणि अदबीनं विचारलं, की बाई रोज येणार आहेत का. तो ‘क’ तुकडीतला होता.

बाईंनी तोंडावरची ढाल काढली. आता आपल्याला घरी पाठवतील, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे पाठवावं असंही वाटलं. मामांनी दुसरा ठोकळा चढवला.

“माझा बाहेर नाही गेला कधी,” ते म्हणाले. “आत आला होता. हा दात बघा.” आणि वरचा अर्धा दात दाखवला. “हं. करा.”

त्या दिवशी बाईंच्या हातून पहिल्यांदा सालपट निघालं. भुसा नाही, सालपट. लांब, पातळ, पटाशीच्या टोकावरून भुर्रकन उसळून खांद्यावर पडणारं. त्या घरी गेल्या तेव्हा केसांत सालपटं होती, आणि यजमानांनी ती काढू का विचारल्यावर नको म्हणाल्या.

चौथ्या आठवड्यात घराचं अंग रचायचं ठरलं. नऊ कडी. प्रत्येक कड्यात नऊ तुकडे बीचचे फिकट आणि तीन अक्रोडाचे गडद. विटांच्या भिंतीसारखं प्रत्येक कडं खालच्यापेक्षा अर्धा तुकडा सरकवून ठेवायचं, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. सरकवताना दर वेळी उजवीकडेच सरकवलं, की गडद तुकडे घराभोवती वेलीसारखे चढत जातात. हे नक्षीकाम बाईंनी स्वतः काढलं होतं, पाच रंगांत, आणि या एका कागदापुढे मामांनी भुवया खरोखर वर केल्या होत्या.

नऊ कडी तयार होईपर्यंत वाढदिवस तीन दिवसांवर आला. मामा बाईंकडे चावी देऊन कठड्याचे दांडे पोचवायला गेले होते. बाईंनी एकटीनं एक, दोन, तीन, चार कडी रचली. पाचव्याला सरस लावला आणि फोन वाजला. विहीणबाई होत्या. केक चौकोनी आणावा की गोल, असं विचारत होत्या, आणि जाता जाता, स्वेटर कालच पूर्ण झाला, तुमचं ते पक्ष्यांचं कसं चाललंय, नाही झालं तर नाही, मुलांना काय कळतं, असंही म्हणाल्या. बाईंनी केक गोल आणायला सांगितला, दात आवळून फोन ठेवला, कडं बसवलं, अर्धा तुकडा सरकवलं, शिकंजा आवळला आणि जरुरीपेक्षा दोन फेरे जास्त आवळला.

दुसऱ्या दिवशी शिकंजा काढल्यावर त्या खाली वाकून पाहत राहिल्या. वेल चार कड्यांपर्यंत उजवीकडे चढली होती. पाचव्याला ती डावीकडे वळली होती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. वेल डावीकडेच होती. कोणी ढकललं असेल का, हा विचार मनात आला. पण कारखान्याला कुलूप होतं आणि चावी त्यांच्याच पर्समध्ये होती. लाकडाला दमट म्हणायचीही सोय नव्हती. त्या भुशातल्या स्टुलावर बसल्या. चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल रेघ मारताना ज्या चेहऱ्यांकडे त्यांनी बघितलंच नव्हतं, तसा आपला चेहरा आत्ता झाला असेल, असं त्यांना उगीच वाटून गेलं.

मामा आल्यावर त्यांनी न बोलता बोट दाखवलं. मामांनी घर हातात घेऊन एक गिरकी दिली. पाचवं कडं लेथवर कापून काढता येईल, नवं करायचं, पण त्याला तीन दिवस लागतील, असं ते म्हणाले. नाहीतर इथून पुढची चारही डावीकडेच न्यायची. मधोमध वळलेली वेल दिसेल.

“म्हणजे चूक झाकायची,” बाई म्हणाल्या.

“झाकायची कुठे? समोर तर दिसतेय.” मामांनी घर खाली ठेवलं. “पक्षी काही मोजायला येत नाही, बाई.”

बाईंनी पाच रंगांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि सहावं कडं डावीकडे सरकवलं.

शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी जेवणाची वेळही कारखान्यातच काढली. लेथवर चढवलेलं घर आधी खडबडीत बाराकोनी डब्यासारखं दिसत होतं. पटाशी लागली, कोपरे उडाले, आणि घरघरणाऱ्या धूसर लाकडातून एक भरदार, मडक्याच्या पोटासारखी गोलाई बाहेर आली. मामांनी लेथ थांबवला. उजवीकडे निघालेली गडद वेल मध्यावर वळून डावीकडे वर गेली होती, तीन ठिकाणी, अगदी सारखी.  मग छप्पर, टोकावरचा छोटा कातीव शेंडा, पुढचं गोल भोक आणि तेलाचे दोन हात. पाच वाजून गेले तरी बाई भुसा झाडत होत्या. शेवटी मामांनीच झाडू काढून घेतला.

वाढदिवसाच्या संध्याकाळी नातीनं खोका उघडला आणि घर दोन्ही हातांनी उचललं. भोकाला एक डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. आत कोणी नाही, हे तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि मग तोंड लावून आत हाक मारली, कोणी असलंच तर. ते बाहेर झाडावर टांगू या, असं तिच्या वडिलांनी म्हटल्यावर तिनं घर पोटाशी धरलं आणि ते आपल्या उशाशी राहील म्हणून सांगून टाकलं.

घर हातोहात फिरलं. मुलगा तर ते टेबलावर ठेवायलाच तयार नव्हता. शेवटी ते विहीणबाईंकडे आलं. त्यांनी ते दिव्याखाली धरून सावकाश फिरवलं. विणणाऱ्या बाईची नजर ती, नमुना कुठे वळतो तिथेच गेली.

“हे मधूनच वळवलंय, ते फार सुरेख जमलंय हो,” त्या म्हणाल्या. या वेळी त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. “मला नसतं सुचलं.”

मुलगा अभिमानानं म्हणाला, की बाईंचं सगळं आधी कागदावर पक्कं असतं. आता फक्त मान हलवायची होती. बाईंची मान हललीही थोडी.

“कागदावर वेल सरळ वर जात होती,” बाई म्हणाल्या. “पाचवं कडं चुकून डावीकडे सरकलं. तुमचा फोन आला होता तेव्हा.” एवढं बोलून त्या थांबल्या, आणि कुठूनतरी जोर लावून पुढचं बोलल्या. “फोन तुमचा. चूक माझी.”

 सुनेच्या हातातली सुरी केकमध्ये अर्ध्यावर थांबली. मुलानं वडिलांकडे पाहिलं. वडील, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, शांततेनं दचकलेले दिसत होते.

विहीणबाईंनी घर अलगद खाली ठेवलं. मग नातीला जवळ ओढून तिच्या निळ्या स्वेटरची डावी बाही, आत दुमडलेली होती ती, सरळ केली. बाही मनगट ओलांडून बोटांवर आली. उजवीपेक्षा चांगली तीन बोटं लांब होती.

“उसवून पुन्हा विणणार होते,” त्या म्हणाल्या. “मग तुमचं घर खरंच होतंय असं ऐकलं. मागे पडायचं नव्हतं, तसाच संपवला.”

दोघींनी मिळून ती बाही नीट दुमडली. दुमड किती आत घ्यावी यावर त्यांचं लगेच वाजलं, पण ते वेगळं.

परतताना बसमध्ये गर्दी नव्हती. बाई खिडकीशी बसल्या, यजमान शेजारी. बऱ्याच वेळानं यजमान खाकरले. आजच्या प्रसंगानं त्यांना धीर आला असावा. लग्नानंतर पहिल्या वर्षी आपण समुद्रावर निघालो होतो आणि भलत्याच बसनं डोंगरावर पोचलो, ते आठवतंय का, असं त्यांनी विचारलं. बाईंना आठवत होतं. ते वेळापत्रक कोणी वाचलं होतं, हेही आठवतंय का, असं त्यांनी अगदी हळू, ग्रंथालयातल्या आवाजात विचारलं.

“ते तुमचंच चुकलं होतं,” बाई म्हणाल्या.

यजमानांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवून समोर पाहू लागले. दोन थांबे गेले. एक माणूस चढला, एक उतरला.

“दोघांचं,” बाई म्हणाल्या.

 यजमानांनी तोंड पलीकडच्या खिडकीकडे वळवलं आणि घर येईपर्यंत ते तिकडेच ठेवलं, कारण हसताना सापडण्याइतकं धाडस त्यांच्यात अजून नव्हतं.